अकरा नंबरचा लाल दिवा

ठसकी जन्मली तेव्हा रडली नाही, ओरडली. नर्सनं तिला बापाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या. हे बाळ नाही, तक्रार आहे."

बाप विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा. जळालेली कॉइल उलगडायची, नवी तार भरायची, हा त्याचा जन्माचा धंदा. लेकीच्या लालबुंद तोंडाकडे बघून तो म्हणाला, "असू दे, असू दे. करंट चांगला आहे." फोडणीच्या धुराजवळ उभं राहिलं की ठसका लागतो ना, तसा या पोरीजवळ थाप मारणाऱ्याला लागायचा. म्हणून घरादारात नाव पडलं ठसकी. हजेरीपटावर दुसरं नाव होतं, पण ते हजेरीपटावरच राहिलं.

चौथीतली गोष्ट. शाळेत फोटोवाला आला. बाईंनी ऑफिसच्या कपाटातला एकुलता एक चषक काढला आणि सगळ्या पोरांना तो ओळीनं हातात देऊन फोटो काढायला लावले. आईबापांना तेवढंच बरं वाटतं! पोरं हसत होती, चषक पुढच्याच्या हातात जात होता. ठसकीची पाळी आली तेव्हा ती फोटोवाल्याला म्हणाली, "काका, हा माझा नाही. मी काही जिंकलेलं नाही." बाई म्हणाल्या, "अगं, हस!" तो फोटो अजून बापाच्या दुकानाच्या भिंतीवर आहे. चषक झकास आलाय. पोरगी अशी बघतेय की फोटोवाल्यानं पुन्हा त्या शाळेचं काम घेतलं नसावं.

तर पुढे एका वर्षी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. दुकानात गुडघाभर पाणी, बाप टेबलावर उभा राहून मोटारी माळ्यावर टाकतोय आणि फळीवरचा रेडिओ सांगतोय, "परिस्थिती पूर्णपणे आटोक्यात आहे." ठसकी तेव्हा अकरावीत होती. ती रेडिओवर खेकसली, "कुणाच्या आटोक्यात रे? ये इथं, पाय भिजव, मग बोल!"

बाप वरूनच म्हणाला, "त्याला ऐकू जात नाही, बाळा. एवढं आहे तर तूच जा आणि खरं सांग."

बापानं चेष्टेत म्हटलं. पोरीनं ते गाठीशी बांधलं. बारावी झाली आणि तिनं विद्यापीठात जनसंज्ञापन विभागाचा अर्ज भरला. आत्यानं कपाळाला हात लावला. आत्या विमा कंपनीच्या ऑफिसात टंकलेखक होती आणि तिथं भाचीसाठी एक खुर्ची तिनं जवळजवळ रुमाल टाकून धरली होती. म्हणाली, "बातम्या सांगायला काय शिकायचं असतं? तोंड तर हिला देवानंच दिलंय." शेवटी तडजोड झाली. तीन वर्षं शिकायचं. तीन वर्षांत बातमीच्या धंद्यात जागा मिळाली तर ठीक, नाही तर आत्याच्या शेजारची खुर्ची.

गोष्ट त्या काळातली आहे जेव्हा फोन टेबलाला बांधलेला असायचा आणि कॅमेरा कॅसेटवर चालायचा. घरोघरी कॅमेरे नव्हते. कॅमेरा बघायचा तर कुणाच्या तरी लग्नात, आणि तोही डोळे दिपवणाऱ्या दिव्याच्या मागे.

विभाग होता रसायनशास्त्राच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर. खालून वास यायचे, वर तास चालायचे. व्हरांड्याच्या टोकाला स्टुडिओ. दाराला ताटाएवढी गोल काच. त्या काचेला नाक लावलं की आत तीन कॅमेरे दिसायचे, तीन पायांवर उभे, अंगावर जाड प्लास्टिक. दाराची किल्ली एका शिपायाकडे. त्यांना सगळे किल्लीकाका म्हणत. काका रोज सकाळी दार उघडायचे, फडक्यानं ते प्लास्टिक पुसायचे आणि दार लावायचे. कॅमेरा नव्हे, प्लास्टिक. एकोणीस वर्षं.

विभागप्रमुखांना पोरं आकृतीसर म्हणत. कारण कुठलाही विषय असो, सर फळ्यावर चौकोन काढायचे, बाण काढायचे आणि म्हणायचे, "आकृती काढा." माणूस माणसाशी बोलतो, आकृती काढा. वर्तमानपत्र छापून निघतं, आकृती काढा. आणि सगळ्यांत मोठी आकृती कॅमेऱ्याची. अठरा भाग. एक, भिंग. दोन, भिंगाचं कडं. असं करत करत अठरापर्यंत. सरांच्या वहीचे कागद पिवळे पडून कडेला पापडासारखे झाले होते. सर ते दोन बोटांनी उलटायचे.

पहिल्या वर्षी ठसकीनं हात वर केला. "सर, कॅमेऱ्याला हात कधी लावायचा?"

"दुसऱ्या वर्षी. आधी पाया पक्का."

दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, तिसऱ्या वर्षी. तिसऱ्या वर्षी म्हणाले, तपासणी समिती येऊन गेली की. आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा कशी? कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर. कॅमेऱ्याची आकृती काढून भागांना नावं द्या. ठसकीला अठरापैकी अठरा.

घरी येऊन तिनं दप्तर आपटलं. बापानं गुणपत्रिका वाचली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाला, "अठरा! शाबास. उद्या त्या पिठाच्या गिरणीवाल्याला मी मोटरचं चित्र काढून देतो. म्हणावं, याच्यावर दळ."

"बाबा, चेष्टा नको. मी चिडलेय."

"ते दिसतंय. कुणावर?"

"सगळ्यांवर! माझ्यावर पण. तीन वर्षं काचेला नाक लावून आलेय मी. नाक चपटं झालं, पण आत काही गेले नाही."

त्याच आठवड्यात फलकावर सूचना लागली. एका वृत्तवाहिनीला एक प्रशिक्षणार्थी वार्ताहर हवा होता, एकच. स्वतः चित्रित केलेली तीन मिनिटांची बातमी कॅसेटवर शनिवारपर्यंत पोचवा. वर्ग वाचून हसला. बत्तीस जणांत कॅमेरा कुणाकडे? ठसकी हसली नाही. ती थेट सरांच्या खोलीत गेली.

"सर, स्टुडिओ उघडा."

"गुरुवारी उघडणारच आहे. समिती येतेय. अकरा ते चार प्लास्टिक काढणार. समितीला विद्यार्थी काम करताना दिसले पाहिजेत." सरांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "तू उभी राहा कॅमेऱ्याजवळ. तुझा आवाज... म्हणजे तुझा आत्मविश्वास चांगला आहे."

"मग त्या वेळात मी जे चित्रित करीन ते माझं. मी वाहिनीला पाठवणार."

सरांनी बोटांनी वहीची कड चाचपली. "पाठव. पण काही बिघडवू नकोस. आकृतीप्रमाणे चाल."

आकृतीप्रमाणे! हेच तर झालं पुढे.

बातमी कशावर करायची हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं. किल्लीकाकांवर. दोन महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते. एकोणीस वर्षं कॅमेऱ्याचं प्लास्टिक पुसणारा माणूस. याहून चांगली बातमी त्या इमारतीत नव्हती. तिनं बापाच्या दुकानातल्या बिलांच्या पाठीवर अकरा प्रश्न लिहिले.

गुरुवारी अकराला प्लास्टिक निघालं. आतला कॅमेरा असा लखलखीत की वर्गातली पोरं कुजबुजायला लागली. जणू कुणी आजारी माणूस निजलाय. ठसकीनं कॅसेट घातली, कॅमेरा खांद्यावर घेतला. जड होता. आकृतीत वजन नव्हतं. अंगठ्याखाली बटण, ते सापडलं. भाग क्रमांक नऊ. दाबलं. आणि समोरचा लाल दिवा लागला.

भाग क्रमांक अकरा. तिला पाठ होतं, सगळ्या वर्गाला पाठ होतं. सरांच्या वहीत स्पष्ट लिहिलेलं, "लाल दिवा: यंत्र थांबल्याची खूण." परीक्षेत तिनं तसंच लिहिलं होतं आणि गुणही मिळाले होते. शिवाय लाल म्हणजे थांबा हे तर चौकात पोलीस सांगतो. म्हणजे कॅमेरा आधीपासून चालू असणार आणि आपण तो थांबवला, असं तिला वाटलं. तिनं पुन्हा बटण दाबलं. दिवा गेला. "हं, आता चालू," ती म्हणाली. कॅसेट किती फिरली ते दाखवणारी एक छोटी खिडकी होती खरी, पण तिच्यावर विभागानं सामानाच्या नोंदीचा कागद चिकटवला होता. चांगल्या डिंकानं.

किल्लीकाका खुर्चीत बसले. टोपी काढू का ठेवू, यात पाच मिनिटं गेली. पण बोलायला लागले ते असे बोलले की ठसकी बिलांवरचे प्रश्न विसरली. म्हणाले, "पोरी, पहिल्या वर्षी वाटायचं, हे उघडतील. मग वाटायला लागलं, माझ्या देखत उघडतील. आता वाटतं, मी गेल्यावर दुसरा कुणी पुसेल." डोळे भरून आले त्यांचे. ठसकीनं भिंग बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर धरलं. दिवा विझलेला होता.

मधेमधे ती थांबायची. बटण दाबायची, दिवा लागायचा, की ती निर्धास्त होऊन कॅमेरा हातात खाली सोडायची, टेबलावर ठेवायची, पाणी प्यायची. साडेतीनला समिती आली, तीन माणसं. तीन मिनिटं उभी राहिली, "छान, छान" म्हणाली आणि चहाला गेली. चारला प्लास्टिक परत चढलं. ठसकीनं कॅसेट छातीशी धरली आणि चार मजले उतरली, पायऱ्या मोजल्याही नाहीत.

बापाच्या दुकानाला लागून लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका दादाची खोली होती; आपला कॅमेरा तो कुणाच्या हाती द्यायचा नाही. दहावीला दोनदा आपटलेला माणूस, पण कॅसेट जोडण्यात हात असा की भांडण झालेल्या लग्नात सुद्धा सगळे हसताना दिसायचे. त्यानं तिची कॅसेट लावली.

पडद्यावर बूट आले.

मग फरशी. मग खुर्चीचे पाय. मग पुन्हा बूट. मग एका टेबलाची कड, तिच्यामागे रुमालानं घाम पुसणारा हात. दादा दोन मिनिटं बघत राहिला, मग पोट धरून हसला. "ताई, हे काय? चपलांच्या दुकानाची जाहिरात आहे का?"

"काका कुठायत? माझे काका कुठायत यात?"

"दिवा लागला की काय करत होतीस?"

"दिवा लागला की थांबलेलं असतं ना."

दादाचं हसणं थांबलं. त्यानं फळीवरचा आपला घासलेला कॅमेरा काढला, बटण दाबलं. लाल दिवा लागला. "हे चालू. लाल म्हणजे चालू, बाई. समोरच्याला कळावं की आता आपल्याला टिपतायत, म्हणून असतो तो दिवा. तीन वर्षं काय शिकलीस ग?"

आता राग म्हणजे काय ते ऐका. काही माणसांचा राग भांडी आपटतो. ठसकीचा त्या दिवशी एकदम गार पडला. ती खुर्चीत बसली आणि तिनं वहीतून आपली ती आकृती काढली, अठरापैकी अठरावाली, लाल शाईत सरांची सही असलेली. अकरा नंबरवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसली. काकांचे डोळे भरले होते, ते गेले. ते वाक्य गेलं. उद्या परत बसवलं तरी माणूस काही तेच रडत नाही.

"पुढं बघू दे," दादा म्हणाला. आणि कॅसेट पुढं पळवता पळवता थबकला. "हा कोण बोलतोय?"

पडद्यावर दोन जोड्या पाय. एक जोडी किल्लीकाकांच्या चपला. दुसरे पॉलिशचे बूट. ठसकीनं कॅमेरा कोपऱ्यातल्या टेबलाखाली ठेवला होता आणि ती पाणी प्यायला गेली होती. लाल दिवा टेबलाच्या आडोशाला, उभ्या माणसाला दिसणार नाही असा, सुखेनैव जळत होता.

काकांचा आवाज आला, "सर, समिती गेली की राहू देऊ का उघडं? पोरांना शिकवा की एकदा. पोरगी चांगली आहे."

आणि बूट म्हणाले, "शिकवू काय? मला कुठं येतं चालवायला? माझ्या सरांच्या वहीवरून मी उतरवलं, त्यांनी कुणाच्या उतरवलं देव जाणे. एकोणीस वर्षं झाकलंय, आता उघडलं तर पोरं हसतील माझ्यावर. लाव प्लास्टिक."

दादानं शीळ घातली. "ताई! हे सोनं आहे सोनं! हे पाठव. उद्या तुझा सर तोंड लपवत फिरेल."

"पाठवणार," ठसकी म्हणाली. "पाठवणार म्हणजे पाठवणारच."

शुक्रवारी सकाळी ती सरांच्या खोलीत शिरली. दारावर टकटकही केलं नाही.

"सर, अकरा नंबर चूक आहे. लाल दिवा म्हणजे चालू."

सर पेन शोधायला लागले. "कोण म्हणतं?"

"कॅसेट म्हणते. तिच्यात काकांची मुलाखत नाही. तुमचे बूट आहेत. आणि तुमचा आवाज. 'मला कुठं येतं चालवायला.'"

सरांचा चेहरा त्यांच्या वहीच्या कागदासारखा झाला. खालच्या मजल्यावर काहीतरी उकळत होतं. मग ते उठले, दार लावलं आणि कपाटातून स्टुडिओची दुसरी किल्ली काढली. टेबलावर ठेवली. "हे बघ. आज दिवसभर स्टुडिओ तुझा. काकांना पुन्हा बसव, हवं तेवढं घे, उद्यापर्यंत बातमी तयार होईल. फक्त तो भाग पुसून टाक. माझ्या समोर."

किल्ली टेबलावर चकाकत होती. तीन वर्षं तिनं जी मागितली तीच. आणि शनिवार उद्यावर होता.

"तीन वर्षं ही या कपाटात होती?" ठसकी म्हणाली. आवाज चढायला लागला होता. "मी पायरी पायरी चढून येत होते, माझा बाप जळक्या तारा उलगडून मला पाठवत होता, आणि तुमचं हसू होईल म्हणून ही कपाटात? हसली असती पोरं! हसून झाल्यावर शिकली असती! एका लग्नवाल्यानं मला काल दोन मिनिटांत शिकवलं, आणि तुम्ही बत्तीस पोरांचा जन्म चुकीच्या दिव्यावर घालवलात. बत्तीस गुणिले एकोणीस किती होतात, सर? काढा आकृती!"

बाहेर किल्लीकाका प्लास्टिक पुसायचं फडकं तसंच धरून उभे होते. व्हरांडाभर पोरं जमली होती.

"अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत," सर हळूच म्हणाले. पण त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटलं असावं, कारण म्हणताना ते तिच्याकडे न बघता किल्लीकडे बघत होते.

"द्या शून्य. किल्ली मला नको. आणि तुमचा आवाज मी वापरणार नाही." सरांनी मान वर केली. "दया आली म्हणून नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही नीतिशास्त्राच्या तासाला लिहून दिलंत, ज्याला आपण टिपले जातोय हे ठाऊक नाही, त्याचं बोलणं चोरून दाखवायचं नाही. तुमच्या अख्ख्या वहीत तेवढी एक ओळ बरोबर आहे. तेवढीच मी घेऊन चाललेय."

दादाच्या खोलीत येऊन तिनं तो आवाज कापला. दादा हळहळला. "अगं, आधाराचा खांबच काढतेस!" ती म्हणाली, "कापा." मग ती त्याच्या घासलेल्या कॅमेऱ्यासमोर बसली आणि दिवा लागल्यावर, लाल, बरोबर तिच्या डोळ्यांसमोर, बोलायला लागली. मी तीन वर्षं माध्यमांचं शिक्षण घेतलं. कॅमेऱ्याचे अठरा भाग मला पाठ आहेत. काल पहिल्यांदा मी कॅमेरा हातात घेतला, आणि हे बघा मी काय टिपलं. मग बूट, फरशी, खुर्चीचे पाय, मागं चढत जाणारं प्लास्टिक. काका काय म्हणाले ते तिनं आपल्या तोंडानं सांगितलं, काकांना विचारून. विभागाचं नाव नाही, सरांचं नाव नाही. तीन मिनिटं. बाप दारात उभा राहून ऐकत होता, हातात जळकी कॉइल तशीच.

"बाबा, राग जास्त झाला का?"

"तार तेवढीच सहन करते जेवढी ती जाड असते," बाप म्हणाला. "जळली नाहीस ना? मग बरोबर आहे."

पुढच्या बुधवारी दुकानातला फोन वाजला. बाप उचलताच म्हणाला, "वाइंडिंग!" आणि मग आवाज बदलून, "हो, हो, आहे." वाहिनीच्या संपादकबाई होत्या. पहिलाच प्रश्न, "दीड मिनिटावर दोन जोड्या पाय आहेत. तिथं आवाज होता ना? कापल्याचं कळतं."

"होता."

"कामाचा होता?"

"सगळ्यात कामाचा होता."

"मग का कापलात?"

"त्यांना दिवा दिसत नव्हता," ठसकी म्हणाली.

बाई मग म्हणाल्या, "सोमवारी या. येताना ती आकृती पण आणा, मला बघायचीये." आत्याच्या शेजारची खुर्ची दुसऱ्या कुणाला गेली. आत्या त्यावर दोन महिने रुसली आणि मग रोज संध्याकाळी टीव्ही लावून बसायला लागली.

पुढल्या वर्षी काका निवृत्त होऊन भेटायला आले. म्हणाले, स्टुडिओ उघडलाय. दर शनिवारी लग्नवाला दादा येऊन शिकवतो, आणि पहिल्या बाकावर वही उघडून स्वतः सर बसतात. पोरं हसतात, सर पण हसतात. कुणाला वाटेल, आता तरी ठसकी निवली असेल. कुठली! तिनं चहाचा कप असा खाली ठेवला की बशी दुभंगली. "आता उघडला? मग माझी तीन वर्षं कुठल्या कपाटात ठेवलीत?"  याचं उत्तर काकांकडे मागायचं नव्हतंच, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं त्यांच्यासाठी दुसरा चहा केला.

ठसकी पुढे बरीच वर्षं बातम्या देत राहिली. लोक म्हणायचे, ही बाई सुरुवातीलाच कशी डोळे वटारून बघते, मंत्र्यांना घाम फुटत असेल. त्यांना वाटायचं, ती मंत्र्यावर चिडलीय. असेलही कधी कधी. पण सुरुवातीचा तो एक क्षण, बोलण्याआधीचा, तो वेगळ्याच कारणासाठी असायचा. कॅमेऱ्यावर समोर लाल दिवा लागायचा, आणि ती मनात म्हणायची, अकरा नंबर. चालू.